आधी जमीन, मग तार

श्रोतेहो, आज मी आपल्याशी विजेसंबंधी चार शब्द बोलणार आहे. मी काही विजेचा तंत्रज्ञ नव्हे. महाविद्यालयात गणित शिकवतो आणि सुटीच्या दिवशी गावाकडे विहिरीवर जातो. परंतु माझे मामा तीसएक वर्षे वायरमन होते. त्यांच्या सायकलमागे बसून मी लहानपणी पुष्कळ खांब पाहिले, आणि त्यांच्याकडून ऐकलेले एक वाक्य आज आपल्याला सांगावे म्हणून इथे आलो आहे. ते वाक्य असे : "आधी जमीन, मग तार. काढताना आधी तार, मग जमीन."

हे वाक्य ऐकायला कोड्यासारखे वाटते. त्याचा उलगडा करण्यापूर्वी एक प्रसंग सांगतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. वळवाच्या पावसात ओढ्यापलीकडच्या वाडीची तार तुटली. वाडी म्हणजे चारपाच घरे. मामा आणि त्यांच्या हाताखाली नव्यानेच आलेला एक पोरगा दुरुस्तीला निघाले. मीही गंमत म्हणून बरोबर होतो. मामांनी डीपीवर जाऊन त्या वाडीचे फ्यूज काढले, काढून खिशात घातले, पेटीला कुलूप लावले. पोरगा घाईत होता. तो म्हणाला, "मामा, फ्यूज तुमच्या खिशात, किल्ली तुमच्या करगोट्याला. आता वीज येणार कुठनं? चढू का?" मामा म्हणाले, "थांब." त्यांनी आधी टेस्टरने तारा तपासल्या. तारा मेलेल्या होत्या. मग पिशवीतून डिस्चार्ज रॉड काढला, त्याची तार जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधली, आणि काठीच्या टोकाचे चिमटे एकेक करून सगळ्या तारांना लावले. या कामात दहा मिनिटे गेली. पोरगा मनातून वैतागला होता, हे त्याच्या तोंडावरून दिसत होते.

पोरगा वर चढला, तार ओढून सांधा करू लागला. इतक्यात चिमट्यापाशी 'चट्' असा आवाज झाला, ठिणगी उडाली आणि चिमटा काळा पडला. वर पोरग्याच्या दोन्ही हातांत तार होती. त्याला काहीही झाले नाही. पाचदहा मिनिटांनी वाडीतले एक गृहस्थ बांधावरून येताना दिसले. त्यांच्याकडे त्या दिवशी बारसे होते. ते मामांना म्हणाले, "वायरमनसाहेब, बरं झालं भेटलात. भाड्यानं जनरेटर आणलाय, पण चालू केला की लगेच बंद पडतोय. जरा बघता का?"

मामांनी पाहिले. जनरेटरची वायर त्यांनी घरातल्या भिंतीवरच्या प्लगात खुपसली होती आणि मेन स्विच तसाच चालू ठेवला होता. म्हणजे जनरेटरची वीज घरातून उलटी बाहेर पडून खांबावरच्या तारेत शिरली होती. डीपीचे फ्यूज खिशात असोत की तिजोरीत असोत, त्या विजेला त्याचे काय! ती दुसऱ्या दाराने आली. चिमटे लावलेले नसते तर ती त्या पोरग्याच्या हातातून गेली असती. चिमट्यांनी सगळ्या तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडल्या होत्या. त्यामुळे वीज येताच तिथल्या तिथे मोठा प्रवाह झाला आणि जनरेटर गुदमरून बंद पडला.

परतताना मामा मला म्हणाले, "भाचेबुवा, वीज बंद केली हे डोळ्यांनी पाहिलं तरी हातानं खरं मानायचं नाही. जमिनीला जोडलं म्हणजे मग खरं." त्या पोरग्याने त्यानंतर घाई केलेली मी पाहिली नाही.

आता आपण यामागचे कारण पाहू.

वीज आपल्याकडे येते ती फिरून परत जाण्यासाठी. विद्युत रोहित्रातून, ज्याला आपण डीपी म्हणतो, तिथून ती एका तारेने निघते, पंप फिरवते किंवा दिवा लावते आणि पुन्हा रोहित्राकडे जाते. रोहित्राचा मधला बिंदू, म्हणजे न्यूट्रल, जमिनीला जोडलेला असतो. म्हणून विजेला परतीची दुसरीही एक वाट उपलब्ध असते, ती म्हणजे धरणी. आपण जमिनीवर उभे राहून जिवंत तारेला हात लावला की आपणच त्या वाटेचा तुकडा होतो. खांबावरच्या उघड्या तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, कारण तिचे पाय जमिनीला लागत नाहीत. आपले लागतात.

समजा, विहिरीवरच्या मोटरच्या आतले वेष्टन जुने झाले आणि जिवंत तार मोटरच्या लोखंडी अंगाला चिकटली. मोटर बाहेरून जशीच्या तशी दिसते. पण तिच्या अंगावर २३० व्होल्टचा दाब येऊन बसतो. तिला अर्थिंग, म्हणजे जमिनीशी जोडणी, नसेल तर फ्यूज उडणार नाही. ती सापासारखी गप्प पडून राहील आणि पहिला जो ओल्या पायांनी हात लावील त्याची वाट पाहील.

"आमच्या मोटरला अर्थिंग आहे," असे पुष्कळजण सांगतात. पण आहे म्हणजे कसे आहे? मी गणिताचा शिक्षक असल्यामुळे थोडा हिशेब केल्याशिवाय मला राहवत नाही. शिक्षकबंधूंनी हा हिशेब फळ्यावर जरूर मांडावा. मोटरपाशी मुरमाड जमिनीत एक हातभर सळई ठोकली आहे आणि तिचा जमिनीशी रोध २० ओहम आहे असे समजा. डीपीच्या अर्थिंगचा रोध ३ ओहम धरा. दोन्ही मिळून २३ ओहम. २३० भागिले २३, म्हणजे प्रवाह १० अँपिअर. पाच अश्वशक्तीच्या मोटरच्या फ्यूजला एवढ्या प्रवाहाचे काहीच वाटत नाही. तो उडत नाही. आणि मोटरच्या अंगावर दाब किती राहिला? १० गुणिले २०, म्हणजे २०० व्होल्ट! म्हणजे अर्थिंग असूनही मोटर जवळजवळ तितकीच घातक.

आता तोच हिशेब चांगल्या अर्थिंगचा करा. मोटरपाशी रोध २ ओहम, डीपीपाशी ३, एकूण ५ ओहम. प्रवाह ४६ अँपिअर. फ्यूजची तार योग्य जाडीची असेल तर ती थोड्या वेळातच वितळते, मोटर बंद पडते आणि मालकाला कळते की काहीतरी बिघडले. मोटर बंद पडणे हे इथे नुकसान नव्हे, ती सूचना आहे. पण आपल्यातले काही चतुर लोक काय करतात? फ्यूज वारंवार उडतो म्हणून किटकॅटमध्ये जाड तार घालतात. मग अर्थिंग कितीही उत्तम असो, वीज तोडणारा कोणी उरत नाही. तेव्हा अर्थिंग आणि फ्यूज ही बैलजोडी आहे. एकट्या बैलाने नांगर चालत नाही.

वीज सोप्या वाटेने जाते आणि अवघड वाट सोडून देते, असे लोक समजतात. ते अर्धेच खरे आहे. वाटा जितक्या असतील तितक्या सगळ्यांतून ती जाते, सोप्या वाटेने जास्त आणि अवघड वाटेने कमी. माणसाच्या शरीराचा रोध ओल्या अंगाला सुमारे १००० ओहम धरतात. २०० व्होल्टला त्यातून अँपिअरचा पाचवा भाग जाईल. आणि हृदयाची लय बिघडवायला याच्या कितीतरी कमी प्रवाह पुरतो. म्हणूनच घरात बसवायचे गळतीरोधक स्विच ३० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या शंभर भागांपैकी तीन भाग, इतकी गळती होताच वीज तोडतील असे बनवलेले असतात. जिथे जमीन खडकाळ आहे आणि अर्थिंगचा रोध खाली येत नाही, तिथे असा स्विच बसवणे फार शहाणपणाचे. वरच्या हिशेबातली १० अँपिअरची गळती फ्यूजला कळली नाही, पण या स्विचला ती डोळे मिचकावण्याआधी कळते.

आता मामांच्या वाक्याकडे येऊ. हे वाक्य जसे खांबावर लागू आहे, तसेच उपकेंद्रातल्या मोठ्या स्विचगिअरलाही लागू आहे. आपल्या भागात ११ हजार व्होल्टची जी उपकेंद्रे असतात, त्यांत कपाटासारखी लोखंडी पॅनेले ओळीने उभी असतात. प्रत्येक पॅनेलमध्ये एक ब्रेकर असतो. पुष्कळ ठिकाणी तो चाकांच्या ट्रॉलीवर असतो आणि बाहेर ओढून काढता येतो. तो काढला की मागे संपर्कांचे दोन संच राहतात. एक संच मुख्य पट्ट्यांचा, जिथे वीज नेहमी असते. दुसरा संच बाहेर गावांकडे जाणाऱ्या केबलचा. केबलवर काम करायचे असेल तर तिला जमिनीशी जोडण्यासाठी ब्रेकरच्या जागी अर्थिंगची ट्रॉली आत घालतात.

इथे धोका कोणता, ते लक्षात घ्या. केबलऐवजी चुकून मुख्य पट्ट्यांना अर्थिंग जोडले गेले, तर जिवंत ११ हजार व्होल्ट सरळ जमिनीला टेकतात. क्षणात आगीचा लोळ उठतो आणि समोर उभा असलेला मनुष्य होरपळतो. जे साधन जीव वाचवण्यासाठी केले, तेच चुकीच्या बाजूला लावल्यास जीव घेते. म्हणून जाणते लोक पायऱ्या ठरवून घेतात आणि एकही पायरी गाळत नाहीत.

पहिली पायरी : वीज तोडा, आणि ती येण्याच्या सर्व वाटा तोडा. पलीकडच्या उपकेंद्रातून, जनरेटरमधून, आता छपरावरच्या सौर पट्ट्यांतूनही ती येऊ शकते.

दुसरी पायरी : कुलूप लावा, पाटी लावा आणि किल्ली काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवा. परमिट कागदावर घ्या. फोनवरच्या 'हो हो, बंद आहे' या शब्दांवर खांब चढू नये.

तिसरी पायरी : तपासा. आणि तपासणाऱ्या यंत्राचीही तपासणी करा. टेस्टर प्रथम जिथे वीज आहे हे नक्की ठाऊक आहे तिथे लावून पाहा, मग बंद केलेल्या जागी लावा, आणि पुन्हा एकदा जिवंत जागी लावून पाहा. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर तो जिवंत तारेलाही मेलेली म्हणेल. खोटी साक्ष देणारा साक्षीदार नसलेल्या साक्षीदारापेक्षा वाईट.

चौथी पायरी : जमिनीशी जोडा. लांब केबलमध्ये वीज तोडल्यावरही भार साठून राहतो. रिकाम्या घागरीच्या बुडाशी पाणी राहावे तसा. तोही जमिनीत उतरला पाहिजे. मगच हात लावायचा.

अर्थिंगचे साधनही आधी तपासलेले असावे. ट्रॉलीचे पोर्सेलीन किंवा राळेचे भाग पुसून कोरडे करतात. मेगरने तिन्ही फेजांचे एकमेकींपासून आणि जमिनीपासून विलगीकरण मोजतात. मग ट्रॉलीचा स्विच जोडून तिन्ही फेजांची जमिनीशी जोडणी सारखी आणि पक्की होते की नाही ते पाहतात. हातातल्या रॉडचेही तसेच. तांब्याच्या वळलेल्या तारेचे पदर तुटलेले नसावेत, चिमट्यांचे स्क्रू गंजलेले नसावेत. पुष्कळ ठिकाणी या तारेवर पारदर्शक वेष्टन असते, ते आतले तुटलेले पदर दिसावेत म्हणून. साखळी किंवा हाताला लागेल ती तार खांबावर फेकणे हे अर्थिंग नव्हे. ऐन वेळी हजारो अँपिअरचा प्रवाह आला तर अशी तार ब्रेकर पडण्याआधीच वितळून जाईल.

आणि आता क्रम. आधी जमीन, मग तार, असे का? समजा तुम्ही चिमटा आधी तारेला लावला आणि जमिनीचे टोक तुमच्या हातात आहे. त्या क्षणी तार जिवंत निघाली तर जमिनीकडे जाण्याची वाट कोणती? तुमचा हात! जमिनीचे टोक आधी पक्के बांधलेले असेल, तर काठीने चिमटा टेकवताना जे काही व्हायचे ते काठीच्या टोकाशी होते. काढताना नेमके उलट. तारेचे चिमटे काढले जाईपर्यंत जमिनीचे टोक सोडायचे नाही. शिवाय जितकी अर्थिंगे लावली तितकी मोजून काढायची. एखादे विसरले आणि वीज चालू केली तर सगळ्या उपकेंद्राला हिसका बसतो.

शिक्षकमित्रहो, हाच नियम तुमच्या शाळेच्या भिंतीवर टांगलेला आहे. तीन पिनांचा प्लग हातात घ्या. वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. मुलांना विचारा, असे का? जाड अशासाठी की ती चुकूनही विजेच्या भोकात जाऊ नये. आणि लांब अशासाठी की प्लग आत घालताना जमिनीची जोडणी सर्वांत आधी व्हावी आणि बाहेर काढताना ती सर्वांत शेवटी सुटावी. आधी जमीन, मग तार. काढताना आधी तार, मग जमीन! मामांचे वाक्य एका इंचाच्या पितळेत कोरून ठेवले आहे. ट्रॉलीवरच्या ब्रेकरचा जमिनीचा संपर्कही असाच आधी जुळणारा आणि शेवटी सुटणारा ठेवतात. मग जो मुलगा ही पिन पक्कडीने तोडून दोन भोकांच्या सॉकेटात प्लग बसवतो, त्याने काय तोडले, हे मुले आपोआप सांगतील.

आता शेतकरी बंधूंसाठी थोडे. अर्थिंग कसे करावे? गॅल्व्हनाइझ केलेला नळ घ्यावा, साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांब. तो ओलावा टिकेल अशा जागी उभा पुरावा. भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर द्यावेत आणि वर पाणी ओतण्यासाठी नरसाळे ठेवावे. काळ्या ओल्या जमिनीत एक नळ पुरतो. मुरूम आणि खडक असेल तिथे दोनतीन नळ अंतरावर पुरून जोडावे लागतात. तीन फेजच्या मोटरला जमिनीच्या दोन स्वतंत्र जोडण्या असाव्यात, म्हणजे एक तुटली तरी दुसरी राहते. हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडून करून घ्यावे. तो रोध मोजून देतो. मोजताना सुमारे २५ मीटरवर एक आणि ५० मीटरवर दुसरी अशा दोन खुंट्या ठोकून यंत्राने ओहम वाचतात. त्या वेळी अर्थिंगची तार मोटरपासून सोडलेली असते, म्हणून मेन स्विच बंदच असला पाहिजे.

मोजायचे केव्हा? पावसाळ्यात कोणाचेही अर्थिंग चांगलेच येते. परीक्षा घ्यायची ती कठीण दिवसांत. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत अशी अट होती की वीज पुरवणाऱ्याने आपली अर्थिंगे दोन वर्षांतून निदान एकदा, कोरड्या ऋतूतल्या कोरड्या दिवशी तपासावीत आणि त्याची नोंद ठेवावी. नियम पुढे बदलत गेले, पण त्यातला शहाणपणा बदललेला नाही. आपणही चैत्र-वैशाखात अर्थिंगच्या खड्ड्यात चार घागरी पाणी ओतावे आणि तारेचा सांधा गंजला का ते पाहावे.

आणखी एक गोष्ट हात जोडून सांगतो. शेतावरच्या वस्तीत न्यूट्रल नसला की काहीजण एक फेज घेतात आणि दुसरे टोक जमिनीतल्या सळईला लावून दिवे लावतात. दिवे लागतात हे खरे. पण त्या वेळी सगळा प्रवाह त्या सळईतून जमिनीत पसरत असतो आणि भोवतालच्या मातीत दाब उत्पन्न होतो. उन्हाळ्यात माती सुकली की तो वाढतो. अशा जागी प्रथम बळी जातो तो जनावराचा. त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, आणि हृदय त्या दोहोंच्या मध्ये. अर्थिंग हे संकटकाळचे दार आहे. त्यातून रोजची ये-जा करू नये.

जनरेटर लावायचाच असेल तर आधी मेन स्विच बंद करावा, किंवा एका वेळी एकच बाजू जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. डीपीवर फ्यूज टाकायला स्वतः जाऊ नये, आणि गावातल्या होतकरू पोरालाही 'तू हुशार आहेस, टाक' म्हणून पाठवू नये. गावोगावी अशा पोरांना झिरो वायरमन म्हणतात. त्याच्याजवळ परमिट नसते, रॉड नसतो, हातमोजे नसतात. आपला पाण्याचा एक फेर चुकला तर पीक थोडे सुकते. त्याच्या घरचे नुकसान कशानेही भरून निघत नाही.

आणि कोणाला धक्का बसलाच, तर त्याला हाताने ओढू नका. प्रथम स्विच बंद करा. ते जमत नसेल आणि घरातली साधी वीज असेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर करा. खांबावरची मोठ्या दाबाची तार असेल तर लाकडाचाही भरवसा नाही. दूर राहा आणि उपकेंद्रातून वीज बंद करवा. श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वास द्या, छातीवर दाब द्या आणि दवाखान्यात न्या.

माझे मामा आता निवृत्त झाले आहेत. तो काळा पडलेला चिमटा त्यांनी नवा बसवताना काढून घेतला आणि ओसरीवर खुंटीला अडकवून ठेवला आहे. त्या वेळचा तो पोरगा आज स्वतः वायरमन आहे आणि त्याच्या हाताखाली दुसरी पोरे आहेत. दिवाळीला तो मामांच्या पाया पडायला येतो. गेल्या खेपेला मी त्याला विचारले, "काय रे, पोरांना काय शिकवतोस?" तो म्हणाला, "सर, दुसरं काय शिकवणार? आधी जमीन, मग तार."

श्रोतेहो, आपणही एवढे ध्यानात ठेवा. उद्या सकाळी विहिरीवर गेलात की मोटर सुरू करण्यापूर्वी एकदा खाली वाकून पाहा. मोटरच्या अंगापासून जमिनीकडे जाणारी ती तार जागेवर आहे ना? सांधा घट्ट दिसतो ना? तुटलेली दिसली तर तिला किंवा मोटरला हात लावू नका. मेन स्विच बंद ठेवा आणि त्या दिवशी पाणी उशिरा सोडा, पण आधी तार नीट करून घ्या.